सब म्हंजी खाली, ट्रान्स म्हंजी पलीकडं

“सऽऽब!” विमलवहिनी ओरडल्या.

“खाऽऽली!” ओल्या वाफ्यांवर वाकलेल्या साऱ्या पाठींतून एकदम उत्तर उठलं.

“आगं, जेवून आल्यात ना? सऽऽब!”

“खाऽऽली!”

या दुसऱ्या आरोळीने काय काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बांधावरच्या बोरीची कच्ची बोरं गळून पडली, ओढ्यातल्या बगळ्यांनी तालुका सोडला, आणि मिरजगावाकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याने टायर फुटला असं समजून गाडी कडेला घेतली नि सगळी चाकं लाथा मारून तपासली. यातलं निम्मं तुम्ही वजा केलंत तरी माझी हरकत नाही. उरलेलं निम्मंही एका जिल्ह्याला पुष्कळ आहे.

पौषातली ती सकाळ अजून माझ्या नाकात आहे. पहाटेच्या पाण्याने भिजलेल्या काळ्या मातीचा थंड, जड गंध. शेंडे खुडून जुड्या बांधलेल्या कांद्याच्या रोपांचा, डोळ्यांना किंचित झोंबणारा हिरवा दर्प. आणि कोवळ्या उन्हात चिखलाच्या प्रत्येक खळग्यात साठलेला आकाशाचा एकेक तुकडा. त्या आकाशात बोट रोवायचं, रोप सोडायचं, अंगठ्याने माती दाबायची आणि चार बोटं पुढे सरकायचं. किती जुनी, किती शांत ही लय! एकीने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी साद द्यायची, म्हणजे सगळ्यांचे हात एका तालात चालतात आणि कुणी मागे राहत नाही. हा लावणीचा रिवाज आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. तो चिखलातूनच अंगात चढतो. त्या तालावर आजवर माहेरची, सणावारांची, सवतीच्या नथीची गाणी वाहत आली. आणि त्या वर्षी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्याच तालावर सातासमुद्रापलीकडचा एक उपसर्ग पदर खोचून येऊन उभा राहिला.

विमलवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको आणि कांदा लावणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. भाऊ हंगामभर कोपरगावाकडच्या एका कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो. मी मराठीत एम.ए. केलं आणि त्या पदवीच्या बळावर पिकअप गाडी चालवतो. टोळीला शेतावर नेणं आणि परत आणणं हा माझा धंदा. गाडी चालवता चालवता मी बोलतो, असं माझं मत आहे. बोलता बोलता मी अधूनमधून गाडी चालवतो, असं भामाबाईचं. भामाबाई ही टोळीतली सर्वांत वयस्क बाई. ती मला नावाने हाक मारत नाही, ‘डायवर’ म्हणते. आणि ती हे म्हणत असताना एम.ए.ची सनद घरी भिंतीवर तिरकी होते, हे मी शपथेवर सांगू शकतो.

आता या इंग्रजी आरोळ्यांचं कारण. महामार्गालगत एक नवी नर्सरी झाली आहे. पांढऱ्या जाळीखाली, काळ्या ट्रेमध्ये टोमॅटोची, मिरचीची रोपं पाळण्यातल्या बाळांसारखी रांगेने ठेवलेली. तिथे बारा महिने काम, सावलीत काम. मालकाने वहिनींना सांगितलं, “टोळी तुमची घेतो, पण टोळीवर सुपरवायझर दहावी पास पाहिजे. औषधांच्या डब्यांवरचं वाचता आलं पाहिजे. तुम्ही दहावी झालात तर तुम्हीच. नाही तर मी बाहेरून माणूस आणतो, आणि तो त्याची माणसं आणील.” मालकाचं बोलणं सरळ होतं, म्हणूनच ते रुतलं. या बायका पूर्वी दरसाल दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जात. वहिनींनी एकेकीला धरून, समजावून, कांद्याच्या कामावर थांबवलं होतं. पण कांद्याचं काम किती पुरणार? नर्सरी हातची गेली की पुढल्या दिवाळीनंतर पुन्हा तोच कोयता, पुन्हा तीच पाचटाची खोपी. एका बाईच्या दहावीला अख्ख्या टोळीचा मुक्काम टांगलेला होता, आणि हे टोळीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

वहिनींची शाळा नववीत सुटली होती. त्यांनी बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. इतिहास त्यांनी भाकरीसारखा चावून खाल्ला, गणित त्या बोटांवर करत आणि ते बरोबर येई. अडलं ते इंग्रजीपाशी. एक दिवस गाडीत माझ्या शेजारी बसल्या असताना म्हणाल्या, “भावजी, शब्द टिकंना. सकाळी पाठ केल्याला दुपारी पळून जातुया. येकेकाला कुठं धरत बसू?”

असा प्रश्न मला विचारणं म्हणजे बैलाला हिरवा चारा दाखवणं. मी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि जिभेला पाचवा दिला. म्हणालो, वहिनी, येकेकाला धरूच नका. आपलं आडनाव शेवटी येतं. इंग्रजी शब्द मात्र कपाळावरच आडनाव लावून हिंडतात. पहिली अक्षरं बघायची. ‘सब’ दिसला की समजायचं, हा खालच्या आळीचा. ‘सुपर’ दिसला की वरच्या आळीचा. ‘रि’ म्हणजे पुन्हा, ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. एक घर ओळखलंत की सगळी भावकी ओळखीची होते. मग परका शब्द जरी समोर आला तरी त्याला विचारता येतं, बाबा रे, तू कुणाच्यातला?

वहिनींनी बोटांवर घरं मोजली. मग म्हणाल्या, “म्हंजी रोपाच्या जुड्या बांधायच्या. मंग वाफ्यावाफ्यानं लावू.”

आणि खरोखरच, दुसऱ्या दिवसापासून शब्दांची लागवड सुरू झाली. घरात पुस्तक घेऊन बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, अशी आमच्याकडची समजूत. बसली रे बसली की कुणीतरी भांडं आपटतं. शेतात मात्र ओरडणाऱ्या बाईला कुणी हटकत नाही, कारण तिचे हात चालू असतात. तेव्हा बांधालगतचा वाफा सबचा, त्याच्या पुढचा सुपरचा, विहिरीकडचा ट्रान्सचा. वहिनी घराणं पुकारत, टोळी अर्थ सांगे. मग एकेक शब्द येई, रोपामागून रोप यावं तसा. “सबमर्सिबल!” “पान्याखाली बुडल्याला!” “सबस्टेशन!” “मोठ्या ठेसनाच्या हाताखालचं!” कुणाला वाटेल, या बायकांना हे शब्द नवे असतील. छे! यांतल्या एकेका शब्दाने त्यांच्या आयुष्यात पाय पसरून ठेवले आहेत. बोअरमधली सबमर्सिबल मोटार जळाली तेव्हा ज्यांनी डोक्यावरून पाणी वाहिलं, त्यांना तो शब्द शिकवायचा कुणी? त्यांना फक्त त्याची भावकी दाखवून द्यायची होती.

माझं काम गाडी बांधावर लावून, स्टेअरिंगवर कोपर टेकून, अवघड शब्दांची कुळी उलगडण्याचं. काय सांगू, त्या दिवसांत मला जी श्रीमंती लाभली ती कुठल्या विद्यापीठाच्या व्यासपीठावर लाभली नसती. शब्दांची ती नाती पाहून मी स्वतःच स्तिमित होत असे. हा ‘सब’ म्हणजे कोण? आपल्या संस्कृतातल्या ‘उप’चा दूरदेशी गेलेला भाऊ. म्हणून सब-इन्स्पेक्टर हा उपनिरीक्षक. ‘सुपर’ म्हणजे आपला ‘उपरि’. आणि ‘ट्रान्स’? त्याचं नातं थेट आपल्या ‘तरण्या’शी लावतात: तरून जाणं, पैलतीराला लागणं. तीर्थ त्याच घरातलं, अवतारही त्याच घरातला, आणि उसाच्या ट्रान्सपोर्टचा, पाठीमागे ‘हळू चालवा’ लिहिलेला ट्रकही त्याच घरातला! एका आईची लेकरं. एक गोदावरीच्या घाटावर स्नानाला उतरलं, दुसऱ्याने टायरमध्ये हवा भरून घेतली. एवढ्या अफाट काळातून, एवढे डोंगर नि समुद्र ओलांडून, नाकाची ठेवण मात्र तीच ठेवून हे शब्द पुन्हा आपल्या बांधावर भेटायला येतात, याला काय म्हणावं? माणसं पिढ्या दोन गेल्या की चुलत्याला ओळखत नाहीत. शब्द ओळखतात.

एकदा ‘सबसिडी’ची पाळी आली. मी सांगितलं, याचा मूळ अर्थ खाली, मागे बसून राहिलेली राखीव कुमक. लढाईत गरज पडली तर उठून धावून येणारी. आणि गंमत ऐका, ‘उप’ म्हणजे जवळ, ‘नि’ म्हणजे खाली आणि ‘सद्’ म्हणजे बसणं, यांतूनच आपलं उपनिषद झालं. गुरूच्या पायाशी बसून मिळवलेलं ज्ञान. म्हणजे सबसिडी आणि उपनिषद हे धातूने भाऊ-भाऊ!

वाफ्यातले हात थांबले. मला वाटलं, अर्थाच्या त्या गांभीर्याने सगळ्या भारावल्या. भामाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “बराबर हाय डायवर तुझं. बसूनच ऱ्हातीय ती. उठून आमच्याकडं कवा आलीच न्हाई.”

त्यावर जो हशा झाला त्याने निदान एक वाफा तिरका लागला. तो अजून तिरका आहे.

मात्र सारखं तोंड असलं म्हणून सगळेच भाऊबंद नसतात, हेही तिथेच कळलं. ‘रि’च्या वाफ्यात रिचार्ज, रिपेअर, रिटर्न अशी गुणी रोपं लागत असताना भामाबाईने मध्येच ‘रिक्षा’ रोवली. मी म्हणालो, ती या घरातली नाही. ती जपानातून आली. भामाबाई म्हणाली, “आली ना? मंग ऱ्हाऊ दे. येवढ्या लांबनं आल्यावर हाकलतुस व्हय?” आणि रिक्षा राहिली. भाषेचा कायदा जिथे संपतो तिथे आदरातिथ्य सुरू होतं, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि ते मला अजून कुठल्या व्याकरणात सापडलेलं नाही.

सगळ्यांत आवडता वाफा ट्रान्सचा. ट्रान्सफॉर्मर: वीज एका रूपातून पलीकडच्या रूपात नेणारा, आणि आमच्याकडे दर उन्हाळ्यात स्वतःच पलीकडे जाणारा. ट्रान्सफर: उचलून पलीकडे ठेवणं, तलाठ्याची होते, कधी शिक्षकाची. ट्रान्झॅक्शन: पार पाडणं, ‘पार’ हा शब्द तरी काय, पलीकडचाच काठ! आणि मग ‘ट्रान्सप्लांट’. हा शब्द सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला. म्हणालो, इथलं रोप काढून तिथं लावणं. तुम्ही आत्ता हातांनी करताय ते.

वहिनी थांबल्या. बोटांत धरलेल्या रोपाकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू पहिल्यांदाच त्याचं नाव कुणी सांगितलं. “आपुन करतो त्याला इंग्रजी नाव हाय?” त्या म्हणाल्या. “मंग आपुन आदीपासनं इंग्रजीतच हाय की.”

इथे दुसरा कुणी लेखक असता तर माहेरच्या मातीतून उपटून सासरच्या मातीत लावलेल्या लेकीची उपमा देऊन मोकळा झाला असता. मीही तोंड उघडलं होतं. पण भामाबाईने माझा चेहरा ओळखला आणि आधीच बजावलं, “आमाला कांदा म्हनू नगंस.” तेव्हा ती उपमा मी परत गिळली, आणि आज इथेही गिळतो.

त्या आरोळ्यांचा लौकिक पंचक्रोशीत पसरला. शेजारच्या रानात ज्वारी राखणारे लोक सब म्हटलं की खाली बघू लागले. गावातल्या एका म्हशीला ‘रिटर्न’ म्हटलं की ती वळायची, असं मी ऐकलं आहे. ऐकलं म्हणजे मीच सांगितलं आहे, पण आता ते मला बाहेरूनही ऐकू येतं, त्यामुळे खरंच असलं पाहिजे.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, आणि वहिनींच्याही नाही. त्यांची सगळी विद्या वाकलेल्या पाठींशी बोलत बोलत मुरली होती. हाक आपली, साद टोळीची. समोर टेबल, पलीकडे खुर्चीत बसलेला माणूस, त्याचे दोन डोळे आपल्या तोंडावर रोखलेले, अशा बंद खोलीत त्यांनी जन्मात एक वाक्य उच्चारलेलं नव्हतं. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला वहिनी तालुक्याच्या शाळेच्या फाटकापर्यंत गेल्या आणि तिथूनच परत आल्या. माझ्या गाडीत बसून एवढंच म्हणाल्या, “घरी चला.” ज्या आवाजाने बगळे उठवले, तो आवाज घशातून वर यायला तयार नव्हता. पुढे लेखी परीक्षा झाली, ती त्यांना बरी गेली. ज्यांची तोंडी काही कारणाने हुकली होती, त्यांच्यासाठी शाळेने लेखीनंतर एक दिवस ठेवला होता. तेवढाच एक दिवस. तो गेला की इंग्रजी गेली, इंग्रजी गेली की दहावी गेली, आणि दहावी गेली की नर्सरीच्या फाटकातून दुसऱ्याच कुणाची तरी टोळी आत जाणार होती.

तोवर कांदा काढणीला आला होता. त्या दिवशी मी वहिनींना घ्यायला शेतावर गेलो, तर अख्खी टोळी विळे बाजूला ठेवून गाडीत चढलेली. मी म्हणालो, परीक्षा एकीची आहे. भामाबाई म्हणाली, “टोळी येकीची नसती. चल.”

तालुक्याच्या गावची ती शाळा मोठी, दगडी, उन्हात पांढरी पडलेली. तोंडी परीक्षा खालच्या मजल्यावरच्या एका वर्गात होती. वर्गाची खिडकी उघडी, बाहेर लिंबाचं झाड. टोळी त्या लिंबाच्या सावलीत कांद्याच्या मातीने भरलेले पाय पसरून बसली. मी वर्गाच्या दाराशी, व्हरांड्यात उभा राहिलो. परीक्षक सर कृश, नीटनेटके, दिवसभर तेच प्रश्न विचारून थकलेले. त्यांनी वहिनींना बसायला सांगितलं, नाव विचारलं. वहिनींनी नाव सांगितलं, तेही आधी ओठांनी आणि मग आवाजाने. पुढे इंग्रजीतला साधा प्रश्न, गावाविषयी. वहिनी टेबलाकडे बघत राहिल्या. आणखी एक प्रश्न. तोही टेबलाने ऐकून घेतला. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं, आणि पेन ठेवल्याचा तो बारीकसा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

“घाबरू नका,” सर म्हणाले. ते मुळात चांगले गृहस्थ होते. “सोपं विचारतो. शब्दाच्या सुरुवातीला ‘सब’ असेल तर त्याचा अर्थ काय होतो?”

वहिनींचा चेहरा उजळला. पण उजळलेला चेहरा घेऊन त्या बसून राहिल्या असत्या तर ना! त्या ताडकन उभ्या राहिल्या, पदर खोचला, कंबरेत किंचित वाकल्या आणि सवयीने, निव्वळ सवयीने, छातीभर श्वास घेऊन ओरडल्या, “सऽऽब!”

आणि खिडकीबाहेरून, लिंबाखालून, तितक्याच निव्वळ सवयीने उत्तर आलं, “खाऽऽली!”

त्या वर्गाच्या छतावरचा पंखा बंद होता. तो फिरू लागला. सर खुर्चीसकट मागे सरकले. मग उठून खिडकीपाशी गेले. “हे काय आहे? कोण आहात तुम्ही? ही कॉपी आहे. सामूहिक कॉपी!”

भामाबाई उठून खिडकीच्या गजांशी आली. “सायेब, कापी लपून करत्यात,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “आमी तर वरडून सांगतोय.”

“म्हणजे जास्तच झालं,” सर म्हणाले. “याचा अहवाल द्यावा लागेल मला.”

अहवाल हा शब्द टोळीतल्या एकीलाही उलगडून सांगावा लागला नाही. लिंबाखाली पानही हलेना. वहिनी उभ्याच होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरत होता, जसं वाफ्याचं दार फुटल्यावर पाणी उतरतं. मी आयुष्यात एवढं बोललो आहे. त्या क्षणी मी नुसती दाराची कडी धरून उभा राहिलो.

सरांनी खिडकीची काचेची दारं ओढून घेतली, खिटी लावली आणि जागेवर येऊन बसले. मग म्हणाले, “मघाचं उत्तर मी धरत नाही. तुमचंही नाही, त्यांचंही नाही. एक नवा शब्द विचारतो. एकटीने सांगायचं. ट्रान्सपरन्ट.”

हा शब्द कधी लावला नव्हता. कुठल्याच वाफ्यात नाही. मला आठवतं ना. मी बांधावरून एकेक शब्द मोजून दिला होता.

वहिनींनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. काचेपलीकडे भामाबाई सगळ्यांना हाताने खुणावत होती: वळा, तिकडं तोंड करा, आत बघू नका, आपल्या तोंडावर काही दिसलं तर पुन्हा हिच्यावर आळ येईल. आणि एकेक करून साऱ्या बायका वळल्या, खिडकीकडे पाठ करून लिंबाखाली ओणव्या बसल्या. मदत होऊ नये म्हणून त्यांनी जे केलं, त्याहून मोठी मदत त्यांना करता आली नसती. वहिनींच्या समोर आता टेबल नव्हतं, परीक्षक नव्हता, खोली नव्हती. ओळीने वाकलेल्या पाठी होत्या. मळलेली लुगडी, उसवलेले काठ, मानेवरचे घामाचे डाग. ज्या पाठींशी त्या सारा हिवाळा बोलत आल्या होत्या, त्याच त्या.

त्यांचा आवाज आला. ओरडण्याचा नव्हे, बोलण्याचा. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो.

“ट्रान्स इज अक्रॉस,” त्या म्हणाल्या. मग थांबल्या, बोट खिडकीकडे केलं. “ग्लास इज हिअर. माय विमेन इज देअर. आय सी माय विमेन.” आणखी थांबल्या. “अक्रॉस.”

सर खिडकीकडे वळून पाहत राहिले. काच धुळीची होती, पण पलीकडचं सगळं दिसत होतं.

“आणि परन्ट?” त्यांनी मराठीत विचारलं.

“त्ये मला ठाऊक न्हाई, सर,” वहिनी म्हणाल्या. “दिसनं असंल.”

सरांनी पेन उचललं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि वहिनींना जायला सांगितलं. वहिनी माझ्याजवळून व्हरांड्यात गेल्या. सरळ लिंबाकडे चालत गेल्या. त्या पाठी अजून वळल्या नव्हत्या. कुणी सांगेपर्यंत त्या वळणार नव्हत्या. आणि मला एकाएकी जाणवलं, की शब्दांची भावकी मी सांगितली खरी. पण जवळ असूनही पाठ फिरवून बसणं, दिसत असूनही न पाहणं, एका माणसाचं उत्तर त्याचंच राहू देण्यासाठी सगळ्यांनी मिळून मुकं होणं, या क्रियेला कुठल्या धातूपासून शब्द काढायचा? लॅटिनात तो आहे का? संस्कृतात आहे का? असला तर मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तो लिंबाखाली बसला होता, आणि त्याच्या टाचांना भेगा होत्या.

भारावलेला माणूस काय करतो? गप्प बसतो. मी आत गेलो. सरांसमोर हात जोडले आणि म्हणालो, सर, आपण आज जे ऐकलंत ते नुसतं उत्तर नव्हे. ‘तॄ’ या धातूपासून, तीर्थापासून, तरून जाण्यापासून, गोदावरीच्या पैलतीरापासून निघालेला एक शब्द सहस्रावधी वर्षं चालत आज आपल्या या वर्गात पोचला. आणि ‘परन्ट’ म्हणजे दिसणंच, सर, अगदी दिसणंच, वहिनींनी तेही आपल्या मनाने हेरलं. आणि सर, सबसिडी आणि उपनिषद यांचं मूळ जर आपण पाहिलंत, तर…

सर पुढच्या उमेदवाराचा कागद काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पास आहेत त्या,” ते म्हणाले. “जाताना दार लावून घ्या.”